धक्क्यावर उभी राहिलेली संस्था : न्यू यॉर्कच्या आयरिश एमिग्रंट सोसायटीचा इतिहास

परमुलखात स्थिरावलेल्या समाजाच्या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला की पहिली आठवण सणांची निघते. पहिला उत्सव कोणाच्या घरी झाला, पहिले नाटक कोणी बसवले, पहिली वर्गणी किती जमली. आयरिश लोकांच्या अमेरिकेतल्या इतिहासातही सण आहेत, आणि तेही मोठ्या थाटाचे. न्यू यॉर्कची १७ मार्चची सेंट पॅट्रिकची मिरवणूक १७६२ पासूनची मानली जाते, म्हणजे अमेरिका नावाचे राष्ट्र जन्माला येण्याआधीची. पण त्या समाजाला पायावर उभे केले ते मिरवणुकीने नव्हे. बंदराच्या धक्क्यावर, कचेरीच्या खिडकीत आणि हिशेबाच्या वह्यांत जे काम झाले, त्याने केले. ते काम करणाऱ्या संस्थांत आयरिश एमिग्रंट सोसायटीचे नाव पहिल्या रांगेत येते. आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत तिचा इतिहास देण्याचे कारण हेच: नव्याने येणाऱ्या माणसाला सांभाळून घेणे हे स्थलांतरितांच्या संस्थेचे मूळ काम आहे, आणि ते काम तिने नेटाने करून दाखवले.

पूर्वपीठिका

न्यू यॉर्कमध्ये आयरिश माणसांची संस्था ही कल्पना सोसायटी निघाली तेव्हा, १८४१ मध्ये, नवी नव्हती. १७८४ मध्ये तिथे ‘फ्रेंडली सन्स ऑफ सेंट पॅट्रिक’ ही संस्था निघाली होती. व्यापारी, वकील अशा बऱ्या स्थितीतल्या लोकांची ही मंडळी. प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक एका पंगतीला बसत, १७ मार्चला मेजवानी होई आणि अडलेल्या देशबांधवांना मदत दिली जाई.

पुढच्या पिढीत १७९८ च्या आयरिश उठावातून देशोधडीला लागलेले पुढारी न्यू यॉर्कला आले. थॉमस अ‍ॅडिस एमेट हे त्यांतले मोठे नाव. त्यांचे धाकटे बंधू रॉबर्ट यांना १८०३ मध्ये डब्लिनमध्ये फाशी झाली होती. थॉमस न्यू यॉर्कचे नामवंत वकील झाले. एमेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये अमेरिकन काँग्रेसकडे अर्ज केला, की आयरिश निर्वासितांच्या वसाहतीसाठी इलिनॉयमध्ये सवलतीने जमीन द्यावी. काँग्रेसने तो फेटाळला. एकाच देशातून आलेल्या लोकांसाठी वेगळा भूभाग राखून ठेवायला ती तयार झाली नाही. त्यामुळे आयरिश माणूस मुख्यतः शहरातच राहिला, आणि त्याचे प्रश्नही शहराचेच झाले: खोली, रोजगार, आजारपण, फसवणूक.

स्थापना

या प्रश्नांना हात घालण्यासाठी १८४१ मध्ये आयरिश एमिग्रंट सोसायटी स्थापन झाली. तिच्यामागे धर्मगुरू जॉन ह्यूज यांची प्रेरणा होती. ह्यूज टायरोन काउंटीत १७९७ मध्ये जन्मले, विशीत अमेरिकेला आले आणि मेरीलँडमधल्या सेमिनरीत सुरुवातीला माळीकाम करत होते. तिथेच शिकून ते पाद्री झाले, १८४२ मध्ये न्यू यॉर्कचे बिशप आणि १८५० मध्ये आर्चबिशप. स्वतः हातात फावडे धरल्यामुळे जहाजातून उतरलेल्या माणसाची अवस्था त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सोसायटीची उद्दिष्टे साधी होती. येणाऱ्याला योग्य सल्ला द्यायचा, काम मिळवून द्यायचे, लुबाडणाऱ्यांपासून वाचवायचे आणि त्याचे पैसे आयर्लंडला सुखरूप पोहोचवायचे. सोसायटी चालवणारे बहुतेक यशस्वी व्यापारी होते. त्यांना स्वतःसाठी या संस्थेची गरज नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या कामाचे मोल अधिक.

धक्क्यावरची लुबाडणूक

त्या काळी ईस्ट नदीकाठच्या धक्क्याला जहाज लागले की माणसांआधी दलाल वर चढत. इंग्रजीत त्यांना रनर म्हणत. हे दलाल पुष्कळदा आयरिशच असत. आपल्या बोलीत विचारपूस करत, गावाचे नाव काढत आणि बोलता बोलता पेटी खांद्यावर घेऊन चालू लागत. पेटीमागे माणूस जाणारच. खाणावळीत राहण्याचा दर आधी स्वस्त सांगितला जाई आणि निघताना तिप्पट बिल हातात पडे. बिल चुकते झाले नाही तर पेटी अडकवून ठेवत. पुढे पश्चिमेला जाणाऱ्यांना बोटीची आणि रेल्वेची खोटी तिकिटे विकली जात. अर्ध्या वाटेत तिकीट चालत नाही असे कळे, तेव्हा दाद मागायला कोणी नसे.

सोसायटीने आपली माणसे धक्क्यावर पाठवायला सुरुवात केली, कचेरी उघडली आणि तक्रारी नोंदवून घेतल्या. या गाऱ्हाण्यांची दखल न्यू यॉर्क राज्याच्या विधिमंडळालाही घ्यावी लागली. १८४७ मध्ये राज्याने कायदा करून स्थलांतरितांसाठी आयुक्त मंडळ नेमले. त्यात गव्हर्नरने नेमलेले सभासद होते, न्यू यॉर्क आणि ब्रुकलिनचे महापौर होते, आणि आयरिश एमिग्रंट सोसायटी व जर्मन सोसायटी यांचे अध्यक्ष पदसिद्ध सभासद होते. स्थापनेनंतर सहा वर्षांत सोसायटी मदत मागणाऱ्यांच्या रांगेतून उठून निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलाशी बसली.

याच आयुक्त मंडळाने ऑगस्ट १८५५ मध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला कॅसल गार्डन हे उतरण्याचे केंद्र सुरू केले. ती इमारत आधी किल्ला होती, मग नाट्यगृह झाली. तिथे आता प्रवासी थेट बोटीतून उतरू लागले आणि दलालांना आत मज्जाव झाला. एका छताखाली नावनोंदणी, खऱ्या दराने रेल्वेची तिकिटे, पैसे बदलण्याची सोय आणि सामान सांभाळण्याची व्यवस्था झाली. पत्रे लिहून देणारे कारकून बसू लागले. पुढे कामधंदा मिळवून देणारी कचेरीही तिथेच आली. नातेवाईक न्यायला आले की मोठ्याने नाव पुकारले जाई. १८५५ ते १८९० या काळात सुमारे ८० लाख माणसे या दारातून अमेरिकेत आली. त्यांत जर्मन होते, इंग्रज होते, स्कँडिनेव्हियन होते. आयरिशांनी आपल्या माणसांसाठी लढून मिळवलेली सोय सगळ्यांच्या उपयोगी पडली.

दुष्काळाची लाट

१८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि गरीब शेतकऱ्याचे मुख्य अन्नच गेले. पुढल्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने व तापाने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. १८५१ मध्ये ती साडेपासष्ट लाखांवर आली. न्यू यॉर्कमध्ये १८५५ पर्यंत दर चार रहिवाशांत एकाहून अधिक जण आयर्लंडमध्ये जन्मलेले होते.

काही जमीनदारांनी तर कुळांना पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजभाडे भरून टाकणे पसंत केले. केरी काउंटीतल्या लॅन्सडाऊन जहागिरीतून १८५१ नंतर अशी हजारो कुळे न्यू यॉर्कला पाठवली गेली. तो जमीनदार तिसरा मार्क्विस ऑफ लॅन्सडाऊन. त्याचाच नातू, पाचवा मार्क्विस, १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता. लॅन्सडाऊन हे नाव आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक आहे. न्यू यॉर्कमध्ये त्या जहागिरीतली कुळे फाइव्ह पॉइंट्स या शहरातल्या सर्वांत बदनाम वस्तीत, एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होती.

बचतीची बँक

या लोकांच्या हातात थोडे पैसे येऊ लागले तसा नवा प्रश्न उभा राहिला. रोजंदारीवरचा मजूर किंवा घरकाम करणारी मुलगी पैसे ठेवणार कुठे? गादीखाली ठेवले तर चोरीला जात, खाणावळवाल्याकडे ठेवले तर बुडत. सोसायटीच्या पुढाऱ्यांनी राज्याकडून सनद मिळवली आणि ३० सप्टेंबर १८५० रोजी ५१, चेंबर्स स्ट्रीट येथे एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक उघडली. पहिले अध्यक्ष सोसायटीचे ग्रेगरी डिलन होते, विश्वस्त १८.

सोसायटी आणि बँक यांचे काम एकमेकींना पूरक होते. बँकेत ठेवी जमत. सोसायटीकडे पैसे भरले की बँक ऑफ आयर्लंडवर काढलेली हुंडी मिळे. ती पत्रात घालून मेयोला, कॉर्कला, केरीला पाठवायची. त्या पैशातून घरचा खंड भरला जाई, गाय घेतली जाई, आणि मुख्य म्हणजे धाकट्या भावाचे किंवा बहिणीचे जहाजाचे तिकीट निघे. तो भाऊ आला की दोघे मिळून तिसऱ्याचे तिकीट काढत. दुष्काळानंतरच्या आयरिश स्थलांतराचा फार मोठा खर्च सरकारने नव्हे, जमीनदारानेही नव्हे, तर आधी गेलेल्यांनी असा उचलला.

नोंदवह्यांचा ठेवा

बँकेला एक व्यावहारिक अडचण होती. अनेक ठेवीदारांना सही करता येत नव्हती, आणि एकाच नावाचे ठेवीदार डझनावारी. पासबुक घेऊन समोर उभी राहिलेली स्त्री खरी खातेदार आहे हे ओळखायचे कसे? बँकेने त्यासाठी परीक्षेच्या वह्या ठेवल्या. खाते उघडताना कारकून माणसाला समोर बसवून विचारी: कोणती काउंटी, कोणता पॅरिश, कोणत्या जहाजाने आलात, कोणत्या साली, वडिलांचे नाव, आईचे माहेरचे नाव, भाऊ-बहिणी किती आणि कुठे, लग्न झाले का, मुले किती. हे सारे वहीत उतरे. पुढे पैसे काढायला कोणी आले की कारकून त्यातलाच एखादा प्रश्न विचारी. उत्तर जुळले तर पैसे मिळत.

हेतू निव्वळ व्यवहाराचा होता, पण त्यातून समाजाचा दप्तरखाना तयार झाला. एका ओळीत एक संसार मावलेला दिसतो. आई अजून आयर्लंडमध्ये, वडील वारलेले, एक भाऊ ऑस्ट्रेलियात, नवरा कामाच्या शोधात पश्चिमेला गेलेला, स्वतः धुणे धुते.

या वह्यांचे मोल पुढे दोन आगींनी वाढवले. जून १८९७ मध्ये एलिस आयलंड या कॅसल गार्डननंतरच्या उतरण्याच्या केंद्रातली लाकडी इमारत जळाली. त्यात कोणाचा जीव गेला नाही, पण १८५५ पासूनच्या स्थलांतरितांच्या अनेक नोंदी खाक झाल्या. त्यानंतर १९२२ मध्ये आयर्लंडच्या यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला आणि दुष्काळापूर्वीच्या व १८५१ च्या जनगणनांच्या बहुतेक मूळ नोंदी गेल्या. निघाल्याची नोंद तिकडे जळाली, पोहोचल्याची इकडे. सामान्य माणसाचे घराणे आणि गाव सांगणाऱ्या ज्या थोड्या नोंदी वाचल्या, त्यांत या बँकेच्या वह्या आहेत. आज त्या न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीत जतन केल्या आहेत.

इतिहासकार टायलर अ‍ॅनबाइंडर यांनी या वह्यांचा कसून अभ्यास केला. त्यांच्या हाती आलेली माहिती जुन्या समजाला धक्का देणारी होती. फाइव्ह पॉइंट्समध्ये राहणारी, लॅन्सडाऊनच्या जहागिरीतून अक्षरशः हाडांचे सापळे होऊन आलेली कुळे काही वर्षांतच बँकेत चांगली शिल्लक बाळगून होती. दुष्काळातून आलेला आयरिश माणूस दारिद्र्यातच पिचून मेला, हे चित्र अपुरे ठरले. वह्या टिकल्या नसत्या तर त्या समाजावरचा हा शिक्का पुसला गेला नसता.

मुली आणि त्यांचे घर

आयरिश स्थलांतराचे एक वेगळेपण म्हणजे त्यात जवळजवळ निम्म्या स्त्रिया होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी अविवाहित, एकट्या आलेल्या. घरकाम करून मिळणाऱ्या पगारात राहणे आणि जेवण धरलेले असल्याने शिल्लक पडे, आणि बँकेच्या ठेवीदारांत या मुलींचा मोठा भरणा होता.

मात्र धक्क्यावर एकट्या मुलीला असलेला धोका पुरुषापेक्षा वेगळा होता. १८८२ मध्ये शार्लट ग्रेस ओब्रायन या आयरिश लेखिकेने अटलांटिक ओलांडून या प्रश्नासाठी अमेरिकेतल्या धर्मगुरूंची दारे ठोठावली. १८४८ च्या उठावाचे नेते विल्यम स्मिथ ओब्रायन यांची ती कन्या. तिच्या प्रयत्नांना फळ आले. फादर जॉन रिऑर्डन यांनी कॅसल गार्डनमध्ये आयरिश मुलींसाठी काम सुरू केले आणि लवकरच समोरच ७, स्टेट स्ट्रीट येथे ‘मिशन ऑफ अवर लेडी ऑफ द रोझरी’ या संस्थेसाठी घर घेतले. मुलीला नातेवाईक भेटेपर्यंत किंवा नोकरी लागेपर्यंत तिथे विनामूल्य राहता येई. फादर रिऑर्डन १८८७ मध्येच वारले, पण काम थांबले नाही. पहिल्या पंचवीस वर्षांत सुमारे १ लाख मुली या घराच्या आधाराने अमेरिकेत स्थिरावल्या. ती इमारत आजही उभी आहे, आणि मुलींच्या नावांच्या वह्याही टिकल्या आहेत.

काउंट्यांची मंडळे आणि मैदान

सोसायटी साऱ्या आयरिशांची होती, पण माणसाचा जीव गावात अडकलेला असतो. गिरणगावात कोकणातल्या गावांची जशी मंडळे आणि खोल्या होत्या, तशी न्यू यॉर्कमध्ये आयर्लंडच्या काउंट्यांची मंडळे निघाली. आजारपणात आणि अंत्यविधीला मदत, नव्याने आलेल्याला ओळख, वार्षिक नृत्यसमारंभ आणि खेळांचे सामने हे त्यांचे काम. १९०४ मध्ये त्यांनी एकत्र येऊन युनायटेड आयरिश काउंटीज असोसिएशन स्थापन केली.

या मंडळांच्या जोरावरच गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे खेळ ब्रॉन्क्समध्ये रुजले. दुष्काळाच्या सर्वांत भीषण वर्षाला १०० वर्षे झाली तेव्हा, १४ सप्टेंबर १९४७ रोजी, अखिल आयर्लंड फुटबॉलचा अंतिम सामना न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर खेळवला गेला. हा अंतिम सामना आयर्लंडबाहेर झाला तो त्या एकाच वर्षी. कॅव्हनने केरीला हरवले, आणि सामन्याचे धावते वर्णन रेडिओवरून आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत ऐकले गेले.

इतिहासातले काळे पान

संस्थेचा इतिहास लिहिताना समाजाची चूकही लिहिली पाहिजे. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीविरुद्ध न्यू यॉर्कमध्ये दंगल उसळली. ३०० डॉलर भरणाऱ्या श्रीमंताला भरतीतून सूट होती, म्हणून गरिबांचा राग खरा होता. पण दंगलखोरांत मोठ्या संख्येने असलेल्या आयरिशांनी तो राग काळ्या लोकांवर काढला. माणसे ठार मारली आणि काळ्या मुलांचे अनाथालय जाळले. दंगल मोडायला उभ्या राहिलेल्या पोलिसांतही आयरिश होते, हेही खरे. स्वतः अपमान सोसलेला समाज आपल्याहून दुबळ्या माणसावर उलटू शकतो, याची ही नोंद आहे. ती वगळून लिहिलेला गौरव खोटा ठरतो.

पुढचा काळ

१८९० मध्ये कॅसल गार्डन बंद झाले आणि स्थलांतराची व्यवस्था केंद्र सरकारने हाती घेतली. १ जानेवारी १८९२ रोजी एलिस आयलंड उघडले. तिथे पहिले नाव नोंदले गेले ते कॉर्कहून दोन धाकट्या भावांना घेऊन आलेल्या अ‍ॅनी मूर या मुलीचे. धक्क्यावरचे काम सरकारकडे गेल्यावर सोसायटीच्या कामाचा तो भाग ओसरला. बँक मात्र वाढत गेली. चेंबर्स स्ट्रीटवर १९१२ मध्ये पूर्ण झालेली तिची भव्य इमारत नंतर शहराने विकत घेतली. बँकेची मालकी पुढे आयरिशांकडे राहिली नाही, पण एमिग्रंट बँक हे नाव आजही चालू आहे.

कामाची गरजही संपली नाही. १९८० च्या दशकात आयर्लंडमधल्या बेकारीमुळे हजारो तरुण न्यू यॉर्कला आले आणि व्हिसाची मुदत उलटून राहिले. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने त्यांची वाट अरुंद केली होती. तरुणांनी १९८७ मध्ये आयरिश इमिग्रेशन रिफॉर्म मूव्हमेंट उभी केली. १९९० च्या कायद्यातून, काँग्रेस सदस्य ब्रूस मॉरिसन यांच्या नावाने ओळखले जाणारे व्हिसा मिळाले, त्यांत आयरिशांसाठी तीन वर्षांत ४८,००० राखीव होते. १९८८ मध्ये निघालेले एमराल्ड आइल इमिग्रेशन सेंटर क्वीन्समधल्या वुडसाइडमध्ये आणि ब्रॉन्क्समध्ये काम करते. तिथे आता आयरिशांबरोबर इतर अनेक देशांतून आलेली माणसे नागरिकत्वाचे अर्ज भरायला आणि कायद्याचा सल्ला घ्यायला येतात.

आपल्यासाठी

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांनी १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. आयरिशांच्या मानाने आपला इतिहास कोवळा आहे, त्यामुळे दोन गोष्टी करायला अजून वेळ आहे. पहिली: गणपती, दिवाळी आणि संक्रांतीच्या कार्यक्रमांइतकेच महत्त्व नव्याने आलेल्यांच्या अडचणींना द्यावे. शिकायला आलेला विद्यार्थी, नोकरी गेल्यावर व्हिसाच्या पेचात सापडलेले जोडपे, मुलांकडे आलेले आणि आजारी पडलेले आईवडील हे आजच्या धक्क्यावर उतरलेले प्रवासी आहेत. मंडळात एक माणूस, एक फोन नंबर आणि एक निधी त्यांच्यासाठी कायम राखून ठेवला पाहिजे.

दुसरी गोष्ट दप्तराची. मंडळांच्या सभासद याद्या, इतिवृत्ते, जमाखर्च, जुनी पत्रे आणि कार्यक्रमपत्रिका आज कोणाच्या तरी गॅरेजमध्ये खोक्यांत पडून आहेत. अध्यक्ष बदलला की खोके हलते, आणि घर बदलले की हरवते. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी ते मंडळाकडे आणून द्यावेत. मंडळाने त्यांची यादी करून, प्रती काढून, मूळ कागद गावातल्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संग्रहाकडे सोपवावेत. जे सभासद साठ आणि सत्तरच्या दशकांत इथे आले, त्यांचे गाव, आल्याचे साल आणि पहिल्या वर्षांची हकीकत याच वर्षी लिहून घ्यावी. हे काम पुढल्या कार्यकारिणीवर ढकलू नये.